चारशे ग्रॅमच्या कंदिलाला साडेपाच किलोचं कुरिअर का लागतं? दुकान ऑनलाइन नेण्याआधीचं गणित

गिरगावातल्या दुकानदाराचं एक जुनं दुखणं आहे. गिऱ्हाईक तुटलं नाही, पण लांब गेलं. चाळीतली खोली सोडून लोक डोंबिवली, बोरिवली, विरारला राहायला गेले. पुढची पिढी पुण्याला, नाहीतर थेट परदेशात. दिवाळीला भाजणी मात्र ठाकूरद्वारच्या त्याच दुकानातली हवी असते. आता ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावात मेट्रो थांबते खरी, पण अर्धा किलो भाजणीसाठी विरारहून कोण येणार?

मग दुकानदाराला वाटतं, आपणही ऑनलाइन विकावं. आणि इथे एन्ट्री होते सल्लागाराची.

ही मंडळी मूळची वेगवेगळ्या धंद्यातली. कुणी वेबसाइट बनवून द्यायचं, कुणी जाहिराती करायचं, कुणी जीएसटीचे रिटर्न भरायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकानांची शटर खाली आली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच झाला, ऑनलाइन कसं विकायचं? तेव्हा बऱ्याच जणांनी बाकीची कामं कमी करून हेच मुख्य काम केलं. वेबसाइट तर आज कुणीही दोन दिवसांत उभी करून देतं. खरा सल्ला असतो तो काय विकायचं, कुठे विकायचं आणि किती रुपयांना विकायचं याचा.

समजा, भाजणीचं पाकीट २०० रुपयांचं. माल आणि मजुरी धरून खर्च १३०. काउंटरवर ७० रुपये सुटतात. तेच घरपोच पाठवायचं तर कुरिअरचे ६०, खोका आणि टेपचे १२, आणि पेमेंट गेटवेचे साधारण ५ (२ टक्के अधिक त्यावर १८ टक्के जीएसटी). झाले ७७. म्हणजे प्रत्येक पाकिटामागे सात रुपये खिशातून. आकडे समजण्यापुरते आहेत, पण गोष्ट अशीच घडते. ऑर्डरी वाढल्या म्हणून दुकानदार खुश आणि वर्षअखेरीला हिशेब जुळेना.

जाणता सल्लागार इथे एकेक पाकीट विकणंच बंद करायला लावतो. भाजणी, मेतकूट, थालीपीठाचं पीठ असा तीन पाकिटांचा ६०० रुपयांचा संच केला तर कुरिअर तिप्पट होत नाही. ते ११० धरलं, खोक्याचे २० आणि गेटवेचे १४, तरी ६६ रुपये हातात राहतात. काउंटरवर तीन पाकिटांचे २१० सुटतात हे खरं, पण विरारचं गिऱ्हाईक काउंटरवर येतच नव्हतं.

आता कंदिलाचं. कुरिअर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, खोका गाडीत जागा किती अडवतो तेही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायचं. येईल तो आकडा किलोत. तीस बाय तीस बाय तीसच्या खोक्याचे होतात ५.४ किलो, अर्ध्या किलोच्या टप्प्यात साडेपाच. आत कंदील भले ४०० ग्रॅमचा असो! तोच कंदील घडीचा केला आणि खोका तीन सेंटिमीटर उंचीचा झाला, तर हिशेब ०.५४ किलोवर येतो. काही वेळा ऑनलाइन धंद्याची सगळी स्ट्रॅटेजी म्हणजे कंदिलाची घडी असते.

कुठे विकायचं हा पुढचा प्रश्न. मीशोने शून्य कमिशन ठेवलं, अमेझॉननेही एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या बऱ्याच वस्तूंवरचं रेफरल कमिशन काढलं. पण कमिशन शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे, डिलिव्हरी आणि परत आलेल्या मालाचा खर्च असतोच. कॅश ऑन डिलिव्हरीत गिऱ्हाइकाने दारातून पार्सल परत पाठवलं तर कुरिअरचा भुर्दंड दोन्ही बाजूंनी पडू शकतो. शिवाय मार्केटप्लेसवरचं गिऱ्हाईक मार्केटप्लेसचं असतं, त्याचा फोन नंबर दुकानाच्या वहीत येत नाही. गिरगावच्या दुकानाची खरी इस्टेट तर ती वहीच. म्हणून जुनं, ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर आणि यूपीआयवर पैसे, हा साधा मार्ग आधी पुरतो.

कायद्याचंही बघावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय, नुसता एनरोलमेंट क्रमांक घेऊन मार्केटप्लेसवर माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात. ऑर्डर डोंबिवलीची असेल तर चालतं. बेळगाव किंवा पणजीची आली की नोंदणी लागते (काही हस्तकला वस्तूंना सूट आहे). खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना हवाच, आणि पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ताही.

राहता राहिली सल्लागाराची फी. विक्रीवर टक्केवारी मागणाऱ्याला विक्री वाढवण्यात रस असतो, नफ्यात असेलच असं नाही. तो सवलतींवर सवलती द्यायला लावू शकतो. त्यापेक्षा ठरलेली फी, किंवा सगळे खर्च वजा जाता उरलेल्या पैशावर टक्का, हे बरं. आणि वेबसाइटचं डोमेन, जाहिरातीचं खातं, व्यवसायाचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर पहिल्या दिवसापासून दुकानदाराच्याच नावावर हवा. सल्लागार बदलताना भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात.