मंडळीत राहून स्वतःचे राहणे

इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना छोटी मनोरमा ‘आजीबाई’ म्हणे. मनोरमेच्या आईचे, म्हणजे पंडिता रमाबाईंचे, या आजीबाईंशी झालेले वाद मराठी ख्रिस्ती माणसाने मुळातून वाचावेत. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथेच लेकीसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर मठाची अपेक्षा होती ती निमूट आज्ञापालनाची. रमाबाई मात्र शाकाहार सोडायला तयार नव्हत्या. अंडे घातलेले पुडिंगही त्यांना चालत नसे. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही, हे त्यांनी उघड लिहिले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, घालायचाच तर त्यावर संस्कृत शब्द हवेत, असाही त्यांचा हट्ट होता. संस्कृत देववाणी आहे म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी १८८५ मध्ये जेराल्डिनना कळवले. एवढे भांडूनही त्यांनी ख्रिस्त सोडला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे केडगावच्या आपल्या ‘मुक्ती मिशन’मध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खे बायबल उतरवले. हे काम १९२२ पर्यंत, मरणाच्या उंबरठ्यापर्यंत, चालले.

नारायण वामन टिळकांची वाट वेगळी होती. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले. आज ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडून गाणाऱ्या मंडळीला त्यात काही परके वाटत नाही, कारण त्यातली कितीतरी गीते टिळकांची आहेत. मिशनची नोकरी आणि तिच्यासोबत येणारी गोऱ्या पाद्र्यांची देखरेख मात्र त्यांना शेवटी सोसवेना. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशन सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार रुजायचा राहून गेला.

तरी या घरातला सगळ्यात खरा माणूस मला टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई वाटतात. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या वेगळ्या राहिल्या. पुढे त्याच्याकडे परतल्या, तरी स्वयंपाक आणि पाणी वेगळेच ठेवले. टिळकांनी घाई केली नाही. एके दिवशी लक्ष्मीबाईंना आपला आपणच उलगडा झाला, की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या आहेत. मग त्यांनी सोवळे सोडले आणि बाप्तिस्म्याचे पुढे पाहिले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळे त्या जसे घडले तसे सांगतात. आपण लवकर बदललो असा आव कुठेच नाही. माणसाला त्याच्या गतीने येऊ देणारे असे घर किती मंडळ्यांना जमले आहे?

मंडळीत राहून स्वतःचे कसे राहायचे, हा प्रश्न वसईत वेगळ्या तऱ्हेने सुटला. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेल्या सामवेदी कुपारींनी आपली बोली, बायांचे लुगडे आणि लग्नातली गाणी टिकवली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर देवळातला मिस्साही मराठीत आला. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा आक्षेप बाहेरून आला. त्यांच्या मराठीपणाबद्दल वसईत कोणाला शंका नव्हती.

रमाबाई, टिळक आणि दिब्रिटो यांच्यापाशी विद्या होती, नाव होते, ऐकून घेणारे लोक होते. ज्यांच्यापाशी यातले काही नाही, त्यांचे काय? नगर आणि मराठवाड्याकडच्या मंडळ्यांत महार-मांग घरांतून आलेली माणसे मोठ्या संख्येने आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही अट काढायची शिफारस केली, पण कायदा बदलला नाही. म्हणून कित्येक घरांत दोन नावे असतात: दाखल्यावर एक, उपासनेत दुसरे. पाळकाला ते ठाऊक असते, शेजाऱ्यालाही ठाऊक असते, पण कोणी उच्चारत नाही. याला ढोंग म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. लेकराच्या शिष्यवृत्तीसाठी देवाचे नाव लपवायला लावणारी व्यवस्था दोषी आहे. आणि बाप्तिस्म्यानंतर जात उरत नाही असे म्हणून लग्न जुळवताना मात्र जात विचारणारी मंडळीही दोषी आहे.

समलिंगी मुलामुलींना तर दुसरे नावही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी, या व्यक्तींना चर्च गुन्हेगार मानत नाही, असे सांगितले; समलिंगी विवाहाला मात्र त्यांचा विरोध होता. कलम २०१८ मध्ये सैल झाले. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा दिली. तीही उपासनाविधीबाहेर, लग्न वाटणार नाही अशा बेताने. आशीर्वाद मागायला आधी पुढे यावे लागते, आईबापांसमोर आणि मग आळीसमोर. जिथे अख्खी आळी एकाच देवळात जाते आणि पोरीच्या स्थळाची चौकशी मिस्सानंतर अंगणातच होते, तिथे रोमची परवानगी आली तरी पोरीला आधी घराचाच उंबरा ओलांडायचा असतो.