दम आधी येतो, पाय नंतर

सप्टेंबर संपता संपता हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनची काढणी सुरू होते. गावोगावी डांबरी रस्त्याची एक बाजू सोयाबीन वाळवायला जाते, उरलेल्या बाजूने ट्रॅक्टर. नेमक्या याच दिवसांत आम्हा चार-दोन धावणाऱ्यांना पुन्हा बूट बाहेर काढावे लागतात, कारण जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन सोळा आठवड्यांवर आलेली असते. मधला खंड मोठा असतो. रमजान, ईद, मग लग्नसराई, उन्हाळा, पेरणी, पाऊस. सहा महिने कसे गेले ते कळतही नाही.

ही शर्यत 2004 पासून होते. तिच्या निमित्ताने मदतनिधी गोळा करण्याचं काम युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते. धावणाऱ्याने एखादी सेवाभावी संस्था निवडायची आणि तिच्यासाठी आप्त-ओळखीच्यांकडे शब्द टाकायचा. पैसे संस्थेला मिळतात, धावणाऱ्याच्या खिशात येत नाहीत. शब्द टाकला की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला: "जकातीतून दिले तर चालेल का?" जकातीचे हकदार ठरलेले आहेत. संस्था ती रक्कम वेगळी ठेवून त्यांच्यावरच खर्च करते का, हे आधी विचारून घ्या. खात्री होत नसेल तर जकात बाजूला ठेवून नफली सदका म्हणून द्या. शंका उरली तर आपल्या मौलानांना विचारा, आम्हाला नको.

पैसे जमू लागले की मनावर ओझं येतं. मामूंनी पाचशे दिले, शाळेतल्या बाईंनी हजार दिले, आता मागे कसं फिरायचं? मग माणूस पहिल्याच रविवारी दहा किलोमीटर धावतो. खंडानंतरच्या दुखापती बहुतेक अशाच घाईतून येतात.

1984 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलेल्या धावपटूंचा आणि सायकलपटूंचा सराव थांबवला होता. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता 21 दिवसांत सुमारे 7 टक्के आणि 84 दिवसांत सुमारे 16 टक्के घटली. सुरुवातीची घट मुख्यतः हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलू लागल्याची होती. सराव सुरू केला की ही बाजू लवकर सावरते. दोन-तीन आठवड्यांत धाप कमी लागते आणि माणसाला वाटतं, झालो पूर्वीसारखे. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या शिरा इतक्या लवकर तयार होत नाहीत. हाडाची झीज भरून यायला काही महिने जातात. दम आलेला आणि पाय अजून कच्चे, असा हा तिसरा-चौथा आठवडा सर्वांत फसवा.

म्हणून आम्ही 21 किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनसाठीही पहिले दोन आठवडे फक्त अर्धा तास देतो: चार मिनिटं झपझप चालणं, एक मिनिट धावणं. तेही दिवसाआड, शाळेच्या मैदानावर. फजरची नमाज झाली की ऊन चढायच्या आत तास-सव्वा तास मिळतो, तो पुरतो. वेग मोजायला घड्याळ लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे; येत नसेल तर सावकाश. नंतर रविवारची लांब धाव पाच किलोमीटरपासून थोडी थोडी वाढवत सतरा-अठरापर्यंत न्यायची आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायची. तरुण पोरांना हा कमी करण्याचा आठवडा अजिबात पटत नाही. पटला नाही तरी पाळा.

पोटऱ्या भरून येणं वेगळं आणि नडगीच्या हाडावर एकाच जागी, बोटाने दाबल्यावर दुखणं वेगळं. दुसरं असेल तर धावणं बंद आणि डॉक्टरांकडे. मधुमेह, रक्तदाब असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर सुरुवातच डॉक्टरांना विचारून करावी. बायका-मुलींनी अंधारात एकट्याने न जाता दोघी-तिघींनी जावं. अंगभर कपडे आणि हिजाब चालतो, मात्र कापड हलकं आणि घाम सुकू देणारं हवं.

शेवटची अडचण हवेची. जानेवारीतली आपली पहाट थंड, कोरडी. घाम आला तसा उडून जातो. मुंबईत हवा दमट, घाम अंगावरच राहतो आणि शरीर लवकर तापतं. त्यामुळे इथला वेग तिथे धरायचा नाही. पेडर रोडचा चढही मध्ये येतो. त्यासाठी औंढ्याकडच्या चढावर दोन-चार रविवार घालवलेले बरे. पाणी तहानेप्रमाणे प्यावं, भीतीने घटाघट नको.

आणि पाय साथ देत नसेल तर? ज्यांनी पैसे दिले त्यांना आधी फोन करून सांगा. संस्थेला गेलेली मदत तुम्ही धावला नाहीत म्हणून वाया जात नाही. मामू एवढंच म्हणतील, "बेटा, पुढच्या साली धाव." रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि आता तो फेब्रुवारीत येऊ लागला आहे. म्हणजे शर्यतीनंतर रोजे सुरू व्हायला जेमतेम तीन-चार आठवडे. लंगडत तरावीहला उभं राहण्यापेक्षा जानेवारीत घरी बसलेलं परवडेल.