जुलैतला डास, जानेवारीतली टेस्ट

शुक्रवारी ऑफिस सुटायच्या आधीच ग्रुपवर मेसेज येतो, 'ब्रूनोलाही आणा, बंगलेवाला हो म्हणालाय!' मग काय, एक्स्प्रेस-वे, मागच्या सीटवर जीभ बाहेर काढून बसलेला लॅब्रॅडॉर, तुंगार्लीतलं नाहीतर पवना धरणाकाठचं घर, कांदाभजी आणि धुकं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कुत्र्यासाठी हा चिखलाचा स्वर्ग, आणि डासांसाठीही. अंगणातला टायर, झाकण नसलेली टाकी, पूलवर अंथरलेल्या ताडपत्रीच्या खळग्यातलं पाणी, त्यांना एवढं पुरतं.

आपण स्वतःला क्रीम फासतो आणि ब्रूनोला विसरतो. (त्याला ते क्रीम लावूही नका. तो चाटणार, आणि ते पोटात गेलं तर विषारी ठरू शकतं.) डासामुळे कुत्र्याला होणारा सगळ्यात वाईट आजार म्हणजे हार्टवर्म. नावाप्रमाणेच हा हृदयातला जंत. शिजलेल्या शेवयांसारखा दिसतो, मादी जवळजवळ फूटभर लांब होते. हृदयाची उजवी बाजू आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हे त्याचं घर, आणि तिथे तो पाच ते सात वर्षं राहू शकतो. कुत्रा आधी थोडा खोकतो, जिना चढताना धापा टाकतो. आपण म्हणतो, 'वजन वाढलंय साहेबांचं.'

घाबरवायचा हेतू नाही. पुण्यातल्या क्लिनिकमध्ये रोज दिसतो तो गोचीड ताप. हार्टवर्मचं देशातलं ठाणं मुख्यतः आसाम, मिझोरामसारखी ईशान्येकडची राज्यं. आपल्याकडे त्याचा चुलतभाऊ जास्त आढळतो. तो हृदयात न शिरता कातडीखाली राहतो आणि क्वचित माणसाच्या डोळ्यातही सापडतो. केरळात आणि पश्चिम किनाऱ्यावर अशा केसेस नोंदल्या गेल्या आहेत. पण कुत्रेही आता बदलीवर जातात. गुवाहाटीहून हिंजवडीला आलेल्या इंजिनीअरबरोबर त्याचा बीगलही येतो, आणि त्याच्या रक्तात काय आहे हे सोसायटीत कोणी विचारत नाही.

आता खरा मुद्दा. लोणावळ्याला निघायच्या आदल्या दिवशी गोळी दिली की झालं, असा अनेकांचा समज असतो. गणित उलटं आहे. गोळी डासाला अडवत नाही. मागच्या महिनाभरात डासाने सोडलेल्या अळ्या ती मारते. म्हणजे पाच जुलैच्या सहलीचा हिशेब ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या गोळीने चुकता होतो. एखादा महिना चुकला की काही अळ्या मोठ्या होऊन निसटतात, आणि मग महिन्याच्या गोळीची मात्रा चालत नाही. पाऊस थांबला म्हणून ऑक्टोबरात कोर्स बंद करणं हे त्यामुळेच महागात पडतं. आपल्या हवेत डास बाराही महिने असतात, गोळीही बाराही महिने हवी.

टेस्टचंही तसंच. क्लिनिकमधली किट प्रौढ मादी जंताचा अंश ओळखते, आणि अळीला तिथवर पोचायला सहा-सात महिने लागतात. जुलैत चावलेल्या डासाचा पत्ता ऑगस्टमध्ये लागत नाही, जानेवारी-फेब्रुवारीत लागतो. आधीच लागण असलेल्या कुत्र्याला आंधळेपणाने गोळी सुरू केली तर रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून मोठ्या कुत्र्याची टेस्ट आधी. उपचार आहेत, पण मुख्य इंजेक्शन आर्सेनिकचं, आपल्याकडे सहज न मिळणारं. शिवाय मेलेले जंत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या तुंबवतात, त्यामुळे कित्येक महिने धावणं बंद. लॅब्रॅडॉरला हे समजावून दाखवा!

गोळी घेताना दुकानदाराला नव्हे, डॉक्टरला विचारा. गोचीड मारणाऱ्या सगळ्याच गोळ्या हार्टवर्मवर चालत नाहीत. आणि गावाकडच्या मित्राने दिलेलं गुरांचं आयव्हरमेक्टिन? औषध तेच, ज्याच्या शोधासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना 2015 चं नोबेल मिळालं. पण हार्टवर्म टाळायला कुत्र्याला किलोमागे 6 मायक्रोग्रॅम लागतात. पंचवीस किलोच्या ब्रूनोला त्या एक टक्का इंजेक्शनचा 0.015 मिली, म्हणजे एका थेंबाहूनही कमी. घरच्या सिरिंजने हे मोजता येतच नाही. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत जनुकीय दोष असतो, त्यांच्या मेंदूत जास्तीचं औषध शिरतं आणि जीव जाऊ शकतो.

हा जंत कुत्र्याकडून कुत्र्याकडे थेट जात नाही, मध्ये डास लागतोच. डासाच्या पोटात अळी तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात. म्हणजे आज ब्रूनोला चावणारा डास दोन आठवड्यांपूर्वी कोणाला तरी चावलाय. त्या वीकेण्डच्या पाहुण्यांचा डॉबरमन असेल, नाहीतर बंगल्याच्या गेटवरचा, केअरटेकरचा काळू. पाहुणे येतात-जातात, काळू बारा महिने तिथेच. त्याला गोळी कोणी देत नाही. पुढच्या खेपेला बंगला बुक करताना त्याची टेस्ट झालीय का, विचारा, आणि टेस्ट-गोळीचा खर्च बंगल्याच्या भाड्यात वाटून घ्या. फोनवर त्याचं वजनही विचारून ठेवा, डॉक्टरांना गोळी ठरवायला ते लागणारच.