भूवापर-नियमांचा हेतू व अधिकार : विश्रांतवाडीच्या निमित्ताने

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्यास येते ती दिघी, कळस ओलांडून विश्रांतवाडीवरून. या मार्गाच्या दुतर्फा आज गृहसंस्था, दुकाने, मंगल कार्यालये व कारखानदारीची लहान शेडे एकमेकांस खेटून उभी असलेली दिसतात. अमुक भूखंडावर घर बांधता येते, तमुक भूखंडावर येत नाही. एका गल्लीत दोन मजले, तर हाकेच्या अंतरावर दहा. असा भेद का, आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणास, हे दोन प्रश्न येथील रहिवाशास पदोपदी पडतात. हे प्रश्न वरवर एकच वाटले तरी ते भिन्न आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यानेच या विषयावरील पुष्कळशी चर्चा निष्फळ ठरते.

प्रथम हेतूविषयी. भूवापराचे विभाग पाडण्याची कल्पना मूलतः उपद्रव-निवारणाच्या जुन्या तत्त्वातून निघाली. शेजाऱ्याच्या भट्टीचा धूर घरात येऊ लागल्यावर दाद मागण्यापेक्षा, भट्टी कोठे असावी हे आधीच ठरवावे, हा तिचा गाभा होय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात याच भूमिकेवरून विभागीकरण वैध ठरविले. तथापि आपल्याकडे या तत्त्वास आणखी एका हेतूची जोड मिळाली. मुंबई नगररचना अधिनियम, १९५४ याने स्थानिक संस्थांवर विकास योजना तयार करण्याचे दायित्व टाकले, आणि विभागाबरोबर शाळा, दवाखाना, उद्यान व रस्ता यांसाठी जमिनीचे आरक्षणही नकाशावर आले. म्हणजे नियम केवळ निषेध करीत नाही. वस्ती वाढल्यावर तिला जे लागेल त्यासाठी जागाही राखून ठेवतो. अरुंद रस्त्यावर वाढीव चटईक्षेत्र न देण्याचे कारणही हेच होय. ३ डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत बांधकामाचे प्रमाण रस्त्याच्या रुंदीशी निगडित आहे. कारण अग्निशामक बंब, जलवाहिनी व मैलावाहिनी ही सारी रस्त्यातूनच जावयाची असतात.

आता अधिकाराचा प्रश्न, जो अधिक गुंतागुंतीचा आहे. सामान्य समज असा की नियम महापालिकेचे, म्हणून ते बदलणेही तिच्याच हाती. ही समजूत अर्धीच खरी आहे. भूमी हा विषय राज्यसूचीतील असून, महापालिका हे अधिकार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये 'नियोजन प्राधिकरण' म्हणून वापरते. ती प्रारूप योजना प्रसिद्ध करते, हरकती व सूचना मागविते. परंतु अंतिम मंजुरी कलम ३१ खाली राज्य शासनाची असते, आणि मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करावयाचा झाला तरी कलम ३७ ची प्रक्रिया व शासनाची संमती आवश्यक ठरते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगररचना व भूवापराचे नियमन हे विषय बाराव्या अनुसूचीत घातले खरे; परंतु ते नगरपालिकांकडे किती सोपवावयाचे हे विधिमंडळावरच ठेवले.

याचे ठळक उदाहरण पुण्यातच घडले. जुन्या हद्दीची प्रारूप विकास योजना महापालिकेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. हजारो हरकती आल्या. काम विहित मुदतीत पुरे झाले नाही, म्हणून मार्च २०१५ मध्ये शासनाने ती योजना महापालिकेच्या हातून काढून विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपविली, आणि जानेवारी २०१७ मध्ये ती मंजूर झाली. लोकनियुक्त सभागृहाचा अधिकार किती तकलादू असू शकतो हे या प्रसंगाने दिसले, असे आमचे मत आहे. मात्र मुदत पाळण्याची जबाबदारी त्याच सभागृहाची होती हेही विसरून चालणार नाही.

विश्रांतवाडीची स्थिती आणखी विशेष आहे. पलीकडील कळस व धानोरी ही गावे १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. त्यामुळे शेजारशेजारच्या वस्त्यांचे नियोजन निरनिराळ्या योजनांखाली झाले. शिवाय लोहगावचा विमानतळ हा वायुदलाचा तळ असल्याने इमारतीच्या उंचीवर महापालिकेच्या नियमांपलीकडचे केंद्र शासनाचे बंधन येते. विमानोड्डाणाच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या २०१५ च्या नियमांत उंचीची मर्यादा समुद्रसपाटीपासून मोजली जाते, जमिनीपासून नव्हे. परिणामी चढावरील भूखंडास उतारावरील भूखंडापेक्षा कमी मजले मिळू शकतात, विभाग व रस्ता एकच असला तरी. हे अन्यायाचे लक्षण मानून पुष्कळजण महापालिकेच्या दारी जातात. पण ती मर्यादा शिथिल करणे महापालिकेच्या हातीच नसते. संरक्षण खात्याच्या आस्थापनांलगत १९०३ च्या संरक्षण बांधकाम अधिनियमाखालीही निर्बंध घालता येतात. उलट, गृहसंस्थेचे उपविधी हे सभासदांपुरते बंधनकारक असतात; त्यांनी रहिवास विभागातील जमीन वाणिज्य विभागात जात नाही.

नियम मोडून परवानगी दिली गेली तर? उडुपी नगरपालिकेविरुद्धच्या १९७४ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. कल्याणमंडपासाठी घेतलेल्या परवानगीचे रूपांतर रहिवासी भागात चित्रपटगृहासाठी करण्यास नगरपालिकेने मान्यता दिली होती. न्यायालयाने ती अवैध ठरविली. बांधकामावर पैसा खर्च झाला हे समर्थन मानले नाही. आणि शेजारच्या रहिवाशास दाद मागण्याचा हक्क आहे असे सांगितले. म्हणजे नियमाचा धनी केवळ कचेरी नव्हे, शेजारीही होय.

जमीनमालकासही संरक्षण आहे. आरक्षित जमीन योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन न केल्यास कलम १२७ खाली नोटीस देता येते, आणि त्यानंतरच्या मुदतीत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. ही मुदत २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस महिन्यांची आहे. गिरनार ट्रेडर्सच्या २००७ च्या निकालानुसार नुसता ठराव करून प्रस्ताव धाडणे हे असे पाऊल ठरत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न गुंठेवारीचा. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे घेऊन घरे बांधलेली कुटुंबे शहराच्या कडेकडेने सर्वत्र आहेत. स्वस्त व कायदेशीर घर त्यांना दुसरीकडे मिळत नव्हते, ही वस्तुस्थिती नियमांचे समर्थक क्वचितच मान्य करतात. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट दिली. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. मर्यादा एकदा सरकली की ती पुन्हा सरकेल या अपेक्षेनेच पुढील तुकड्याचा भाव ठरतो, आणि शुल्क भरून घर नियमित झाले तरी त्याच्या दारातील बोळाची रुंदी तीच राहते.