विजेची सायकल, मोटारीची पाठ आणि वजनाचा हिशोब

व्यवसायानिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांत विजेवर चालणाऱ्या सायकलीने, म्हणजेच ई-बाइकने, एक जुना आनंद पुन्हा मिळवून दिला आहे. गुडघे कुरकुरू लागल्यावर सायकल सोडून दिलेले वडीलधारे तिच्या मोटरच्या आधाराने चढ चढू शकतात, आणि नातवंडांच्या बरोबरीने दहा-बारा मैलांची रपेट त्यांना जड जात नाही. परंतु सायकल चालवण्याजोग्या रम्य वाटा घराच्या दारात नसतात. पिट्सबर्गपासून कंबरलंडपर्यंत जुन्या रेल्वेमार्गांवर घडवलेली सुमारे १५० मैलांची ‘ग्रेट अलेघेनी पॅसेज’ घ्या. तेथपर्यंत सायकली मोटारीनेच न्याव्या लागतात. त्यासाठी मोटारीच्या मागे जोडावयाचा रॅक निवडताना रंगरूप व किंमत नंतर पाहावी. आधी वजनाचा हिशोब मांडावा. हमरस्त्यावर ताशी ६५ मैलांच्या वेगात एखादी सायकल सुटून पडली, तर मागून येणाऱ्या कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

साध्या सायकलीचे वजन साधारणपणे २५ ते ३५ पौंड असते. ई-बाइक मात्र बहुधा ५० ते ७० पौंडांची, म्हणजे सुमारे २३ ते ३२ किलोंची भरते; जाड टायरांची असेल तर त्याहूनही अधिक. त्यामुळे साध्या सायकलींसाठी घेतलेला जुना रॅक ई-बाइकला चालेलच, असे गृहीत धरू नये.

हिच म्हणजे मोटारीच्या मागील बंपरखाली, तिच्या सांगाड्याला बोल्टांनी जखडलेली जोडणी. तिच्या चौकोनी पोकळ तोंडाला रिसीव्हर म्हणतात व रॅकचा दांडा त्यात बसतो. प्रवासी मोटारींत याची दोन मापे प्रचलित आहेत : सव्वा इंची आणि दोन इंची. लहान मोटारींच्या सव्वा इंची, पहिल्या वर्गाच्या हिचला खाली दाबणाऱ्या भाराची मर्यादा सामान्यतः २०० पौंड असते. आता बेरीज करावी. ई-बाइकसाठी बनवलेल्या मजबूत रॅकचे स्वतःचेच वजन ५० ते ६० पौंड. त्यावर ६० पौंडांच्या दोन सायकली ठेवल्या की एकूण १७० ते १८० पौंड होतात. मर्यादा तेथेच जवळ येऊन ठेपते. शिवाय हा भार बंपरच्या बराच मागे लोंबत असल्याने प्रत्येक खड्ड्याचा हिसका अधिक जोराने बसतो. म्हणून दोन इंची रिसीव्हर अधिक श्रेयस्कर. सव्वा इंचाचे दोन इंच करणारा जोडतुकडा बाजारात मिळतो. पण त्याने केवळ तोंड मोठे होते, ताकद वाढत नाही. लांबी वाढवणाऱ्या नळीने तर भारक्षमता घटतेच.

मर्यादा एकच नसते, हेही ध्यानात घ्यावे. हिचची एक, रॅकची एक, आणि मोटारीच्या पुस्तिकेत दिलेली एक. या तिन्हींत जी सर्वांत लहान, तीच खरी. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर प्रवासी व सामान मिळून किती वजन चालेल ते छापलेले असते. सायकली आणि रॅक त्याच खात्यात धरावे लागतात. रॅकवरही प्रत्येक सायकलीची मर्यादा वेगळी दिलेली असते. ती ६० पौंड असेल, तर एक ७० पौंडांची व दुसरी ४० पौंडांची ठेवून सरासरी साधत नाही. एका जागेची तूट दुसऱ्या जागेच्या शिल्लकीतून भरून निघत नाही.

सायकलीचे वजन जाहिरातीवरून न घेता घरीच तोलावे. सायकल सपाट धरून आधी पुढचे, मग मागचे चाक वजनकाट्यावर ठेवावे आणि दोन्ही आकडे मिळवावेत. बॅटरी काढता येत असेल तर ६ ते ९ पौंड सहज कमी होतात. बॅटरी काढून मोटारीच्या आत नीट ठेवणे इतर दृष्टींनीही हितावह आहे. मात्र उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ती तासन्‌तास सोडू नये.

रॅकचे मुख्य प्रकार दोन. एकात सायकल मधल्या दांड्याला धरून टांगली जाते. दुसऱ्यात दोन्ही चाके पन्हाळीसारख्या खाचेत टेकतात. ई-बाइकसाठी दुसराच प्रकार योग्य. वडीलधाऱ्यांच्या सोयीसाठी घेतलेल्या खालच्या दांड्याच्या सायकली टांगणेही कठीण असते. टायर पकडणारा रॅक असल्यास सांगाड्यावर व त्यातील बॅटरीवर दाब येत नाही. टायरची रुंदी, दोन चाकांमधील अंतर आणि मडगार्ड यांना रॅकची पकड जुळते का, हे दुकानातच आपली सायकल ठेवून पाहावे. चढवण्यासाठी उतरती पट्टी अवश्य घ्यावी. साठीच्या माणसाने ६० पौंड उचलणे हे कमरेला निमंत्रण आहे.

सायकली बांधताना जड सायकल मोटारीच्या बाजूला ठेवावी. खीळ व हालचाल रोखणारा बोल्ट आवळल्यावर रॅक जोराने हलवून पाहावा : मोटार हलली तर पकड ठीक, रॅक एकटाच हलला तर पुन्हा आवळावे. थोडे अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा तपासावेत. नंबरप्लेट व मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, धुराच्या नळीसमोर टायर येत नाही ना, हेही पाहावे. नंबरप्लेटचे नियम राज्याराज्यांत निरनिराळे आहेत.

आणि एवढे करूनही बेरीज मर्यादेबाहेर गेली, तर एकच सायकल न्यावी, अथवा मुक्कामी भाड्याने घ्यावी. व्यापारात तराजूचा काटा ज्या बाजूला झुकतो, ते निमूटपणे मान्य करावे लागते. येथेही आकड्याशी घासाघीस चालत नाही.