ब्लॅकजॅकमधली ‘साइड बेट’ काय असते? २५ पटींच्या आमिषामागचं गणित

गारगोटीतून मित्रांची गाडी आजरा-आंबोलीमार्गे गोव्याला निघाली, की पणजीच्या मांडवीतल्या कसिनो बोटींचा विषय निघतोच. तीन पत्ती खेळलेल्यांना ब्लॅकजॅक, म्हणजे २१ चा खेळ, चटकन कळतो. गोंधळ होतो तो टेबलावरच्या छोट्या जादा चौकटीत. ‘इथं शंभर लाव, जोडी लागली तर अडीच हजार!’ हीच साइड बेट.

नियम काय?

मूळ खेळात २१ न ओलांडता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायची असते. साइड बेट ही त्याशिवायची, ऐच्छिक पैज. ‘परफेक्ट पेअर्स’ या प्रकारात ती पत्ते वाटण्याआधी लावावी लागते आणि तुमच्या पहिल्या दोन पत्त्यांवरच निकाल लागतो. पुढे मुख्य डाव हरलात तरी जोडीचे पैसे मिळतात. याचे प्रचलित दर असे:

- दोन्ही पत्ते अगदी सारखे (बदाम राजा-बदाम राजा): २५ पट
- रंग एक, चिन्ह वेगळं (बदाम राजा-चौकट राजा): १२ पट
- रंगही वेगळा (बदाम राजा-इस्पिक राजा): ६ पट

राजा आणि राणी दोन्ही १० चे असले, तरी ती जोडी धरत नाहीत.

मग तोटा कुठे?

सहा कॅट म्हणजे ३१२ पत्ते. पहिला पत्ता बदाम राजा आला, तर उरले ३११. त्यात बदाम राजे ५, चौकट राजे ६, काळे राजे १२. म्हणजे जोडी लावणारे पत्ते फक्त २३. उरलेल्या २८८ पत्त्यांवर तुमचे शंभर गेले. सगळा हिशोब मांडला, तर दर १०० रुपयांमागे सरासरी सहा रुपये जातात. चांगले नियम असलेल्या टेबलावर अचूक खेळलं, तर मुख्य पैजेत हाच तोटा साधारण अर्धा रुपया असतो.

‘इन्शुरन्स’ तरी सुरक्षित?

नाव विम्याचं असलं, तरी तीही पैजच. डीलरचा उघडा पत्ता एक्का असला, की मुख्य पैजेच्या निम्म्यापर्यंत रक्कम लावता येते. झाकलेला पत्ता १० चा निघाला, तर दुप्पट मिळतात. पण ३११ पत्त्यांत १० चे असतात ९६, म्हणजे एक तृतीयांशाहून कमी. इथं तोटा शंभरी सात रुपयांच्या वर जातो.

कायदा काय सांगतो?

गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांमुळे परवानाधारक कसिनो चालतात. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्यामुळे मोबाइलवर अशी लिंक आली, तर दूरच राहा.

दर आणि कॅटांची संख्या टेबलागणिक बदलते. पण एक खूण लक्षात ठेवा: जितकं मोठं बक्षीस दाखवलं जातं, तितकं ते क्वचितच लागतं.