मृत समुद्रशैवालांचे विघटन

भिलाईजवळील रुआबांधा समुद्रापासून फार दूर आहे. तेथील वाचकास तळ्यात कुजणारा पाला परिचित असतो; परंतु समुद्रकाठच्या वनस्पतीचे कुजणे काहीसे निराळे असते. हा भेद का पडतो, हे आता पाहू.

मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर सरगॅसम नावाचे तपकिरी शैवाल वाढू लागते. हिवाळ्यात त्याची वाढ भरास येते. पुढे ते खडकापासून सुटते व लाटांबरोबर भरतीरेषेवर येऊन पडते. कोकणातील खाड्यांच्या चिखलात हॅलोफिला वंशाचे सागरी गवतही आढळते. शैवालास खरी मुळे व फुले नसतात. सागरी गवत मात्र सपुष्प वनस्पती होय.

विघटनाच्या तीन अवस्था कल्पिता येतात. त्या पुष्कळदा एकाच वेळी चालू असतात. प्रथम पेशी फुटून त्यांतील क्षार व शर्करा पाण्यात विरघळतात. नंतर जीवाणू व कवके उरलेल्या भागावर वस्ती करतात. सागरी गवतात काष्ठद्रव्य असते व नत्राचे प्रमाण कमी असते. म्हणून ते शैवालापेक्षा सावकाश कुजते. शेवटी वाळूत उड्या मारणारे बारीक कवचधारी प्राणी व खेकडे हे तुकडे कुरतडतात. या प्राण्यांवर पक्षी व मासे जगतात. अशा रीतीने मृत शैवाल पुन्हा अन्नसाखळीत प्रवेश करते.

ढीग जाड असल्यास त्याच्या अंतर्भागात प्राणवायू पोहोचत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. काही जीवाणू प्राणवायूऐवजी त्याचा उपयोग करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. सडक्या अंड्यासारखा दर्प व काळी पडलेली वाळू ही त्याची चिन्हे होत. गोड्या पाण्याच्या तळ्यात सल्फेट अल्प असते. म्हणून तेथील चिखलातून मुख्यतः मिथेनचे बुडबुडे निघतात.

हा दर्प केवळ त्रासदायक नसून घातकही ठरू शकतो. २००९ साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात हिरव्या शैवालाच्या सडलेल्या ढिगात रुतून एक घोडा मरण पावला. स्वार बेशुद्ध पडला, पण वाचला. शेतांतील नत्रयुक्त पदार्थ समुद्रात वाहून गेल्याने तेथे शैवाल अमर्याद वाढले होते. अटलांटिकच्या उष्ण भागात २०११ पासून सरगॅसमचे प्रचंड थर वारंवार किनाऱ्यास लागत आहेत.

तेव्हा सर्व शैवाल उचलून टाकावे काय? तसे करणे हितावह नाही. पातळ थर जीवांस अन्न पुरवितो, वाळू धरून ठेवतो. म्हणून तो राहू द्यावा. जाड ढीग मात्र सडण्यापूर्वीच, वाळू न उपसता, हलवावेत. कुजणे म्हणजे नाश नव्हे, तर द्रव्याचे रूपांतर होय. हे रूपांतर प्राणवायूच्या सान्निध्यात झाले तर ते किनाऱ्याचे पोषण करते; प्राणवायूच्या अभावी तेच विषारी ठरू शकते.